तीन मुलांचा हिशेब

रात्री साडेनऊला आमच्याकडे जेवणं आटोपून ओटा पुसून झालेला असतो, तेव्हा आफ्रिकेतल्या मलावीत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. साडेतीन तासांचा फरक. मंगळवारी आणि शुक्रवारी या वेळेला मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसते आणि तिकडे एका जिल्हा रुग्णालयात ड्यूटी संपवून एक क्लिनिकल ऑफिसर आपल्या फोनवर तीच फाइल उघडतो, त्याच्या रिसर्च पेपरची. तो टाइप करायला लागला की मला इकडे त्याचा कर्सर हलताना दिसतो. कधी कधी मधेच थांबतो आणि मग गायबच होतो, म्हणजे लाइट गेली. मग इकडे बडोद्यात दांडिया बाजारातल्या रिक्षांचे हॉर्न ऐकत मी बसून राहते, वीस मिनिटं, कधी तासभर, आणि बहुतेक वेळा तो परत येतो.

हे काय चालवलंयस असं घरी येणारे विचारतात, पैसे मिळतात का असंही विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

मी डॉक्टर नाही. इथल्याच युनिव्हर्सिटीतनं स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलं आणि मग मुलं लहान असताना घरबसल्या करता येईल म्हणून मेडिकल रिसर्च पेपरांचं इंग्रजी तपासायचं काम धरलं, ते बावीस वर्षं चाललं. एका कंपनीकडनं फाइली यायच्या, चीनमधनं, इराणमधनं, ब्राझीलमधनं, शब्दावर पैसे. तिथला नियम असा होता की इंग्रजी दुरुस्त करा आणि परत पाठवा, लेखकाला प्रश्न विचारत बसू नका. मी किती वेळा बघितलं असेल की टेबलमधली बेरीजच लागत नाहीये, आणि तरी फक्त 'द' आणि 'अ' घालून ती फाइल पुढे ढकलली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण त्या बेरजेच्या मागे कोणीतरी आजारी माणसं होती आणि मी व्याकरण बघत होते.

काम सोडल्यावर ऑथरएडबद्दल कळलं. इनॅस्प म्हणून इंग्लंडमधली एक संस्था आहे, तिने २००७ मध्ये हे सुरू केलं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांना पेपर लिहायला, छापायला मदत करायची, ऑनलाइन कोर्स घ्यायचे आणि ज्याला हवा त्याला एक अनुभवी माणूस जोडून द्यायचा जो फुकट वेळ देईल. मी नाव नोंदवलं. मलावीचा हा मुलगा (माझ्या धाकट्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, म्हणून मुलगाच म्हणते) मला तिथे भेटला. तिकडे डॉक्टर इतके कमी आहेत की तीन वर्षांचा डिप्लोमा केलेले हे क्लिनिकल ऑफिसरच वॉर्ड सांभाळतात, सिझेरियनसुद्धा तेच करतात. तो मला पहिल्या दिवसापासून 'अमायी' म्हणतो. त्यांच्या चिचेवा भाषेत आईलाही अमायी आणि मोठ्या बाईलाही मानाने अमायी. मला ते ऐकताना अगदी कोणी 'अगं आई' म्हटल्यासारखं वाटतं.

तो आला तेव्हा त्याच्या हातात एक नाकारलेला पेपर होता. विषय असा की पाच वर्षांखालची मुलं, न्यूमोनिया झालेली, गावातल्या आरोग्य केंद्रातनं जिल्ह्याला पाठवली जातात, तर चिठ्ठी लिहिल्यापासून इथे पोचेपर्यंत किती वेळ जातो. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पाऊस, रस्ते वाहून जातात, आया मुलाला पाठीला बांधून सायकलच्या कॅरियरवर बसून येतात. ही त्याने रोज बघितलेली गोष्ट. पण पेपर उघडला तर पहिली दोन पानं जगभरात न्यूमोनिया किती, आफ्रिकेत किती, अमुक संस्थेनुसार किती. सायकल सातव्या पानावर, आणि तीही अर्ध्या वाक्यात.

जर्नलच्या दोन रिव्ह्यूअरनी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्यांनी, मिळून काय लिहिलं होतं, तर इंग्रजी कच्चं आहे, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माणसाकडनं तपासून घ्या. हे वाक्य मी इतक्या लोकांच्या फाइलींमध्ये वाचलंय की आता मला राग येतो. त्याचं इंग्रजी समजत होतं. 'हॅव' च्या जागी 'हॅज' होतं, काळ गडबडले होते, पण काय केलं आणि काय सापडलं ते स्वच्छ कळत होतं. आणि जे खरोखर चुकलं होतं ते दोघांपैकी एकालाही दिसलं नाही, ते पुढे सांगते.

मी त्याला पहिल्या दिवशी फाइलीला हात लावू दिला नाही. म्हटलं, तू नुसतं बोल, तुला हा प्रश्न पडला कधी? रात्री त्याची व्हॉइस नोट आली, चार मिनिटांची. एक बाई चिठ्ठी घेऊन आली, चिठ्ठीवर परवाची तारीख. त्याने विचारलं दोन दिवस कुठे होतीस, तर म्हणाली नवरा गावाला होता, सायकलवाल्याला द्यायला पैसे नव्हते, कोंबडी विकली मग आले. तिकडे प्रत्येक पेशंटकडे हेल्थ पासपोर्ट म्हणून छोटी वही असते, ती आजाऱ्याने स्वतःकडेच ठेवायची, त्या वहीत आरोग्य केंद्राने पाठवलेली वेळ असते आणि हॉस्पिटलच्या फाइलीत आल्याची वेळ असते, आणि या दोन वेळा आजपर्यंत कोणी शेजारीशेजारी ठेवूनच बघितल्या नव्हत्या. हे सगळं त्या चार मिनिटांत होतं. मी ती नोट ऐकून जशीच्या तशी टाइप केली आणि त्याला पाठवली, म्हटलं ही बघ तुझी इंट्रोडक्शन, आता आकडे आणि संदर्भ याच्या मागे लाव. त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, असं लिहायला चालतं?

मला वाटतं सगळं इथेच अडतं. चालतं का, मी बोलू का, एवढ्याशा हॉस्पिटलात बसून मी जगाला काय सांगणार. आपल्याकडचीच उदाहरणं घ्या ना. महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या माणसांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून रात्र रात्र काढल्या आणि जे दिसलं ते १९८२ मध्ये लॅन्सेट या नामांकित मेडिकल जर्नलमध्ये छापून आणलं, मग १९८६ मध्ये प्राझोसिन या ब्लडप्रेशरच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवला. कोकणात लाल विंचवाने माणसं पटापट जायची, ती वाचायला लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, तिसऱ्या वर्षी बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि ते डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटमध्ये आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात ना, त्याच्या मुळाशी हे काम आहे. समजा ते फक्त गडचिरोलीत करून थांबले असते, लिहिलंच नसतं, तर गडचिरोलीतली बाळं वाचली असती आणि बाकीच्या देशाला पत्ता लागला नसता. म्हणून छापण्याला मी एवढं महत्त्व देते. प्रमोशनसाठीही लोक छापतात, तेही ठीक आहे, पण मी त्यासाठी रात्री जागत नाही.

त्याला मी या दोघांची गोष्ट सांगितली. बंगांचे पेपर त्याने शोधून वाचले. त्याला वाचता आले, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांना बरोबर घेऊन जानेवारी २००२ मध्ये हिनारी सुरू केलं, ते आता रिसर्च फॉर लाइफचा भाग आहे, आणि मलावीसारख्या देशातल्या संस्थांना त्यातनं हजारो जर्नल्स फुकट मिळतात. त्याच्या हॉस्पिटलात पासवर्ड होता, फक्त तो ज्याच्याकडे होता त्या माणसाची बदली झाली होती. पासवर्ड मिळवायला आम्हाला सहा आठवडे लागले. भारत त्या यादीत नाही. आपल्याकडे जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, सरकारी कॉलेजांना आणि संस्थांना तेरा हजाराच्या आसपास जर्नल्स उघडली, मोठंच काम झालं, पण डांगकडे किंवा छोटाउदेपूरकडे एखाद्या ट्रस्टच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला अजून दार बंदच आहे.

आणि हे मी बडोद्यात बसून लिहितेय याचं मला जास्त लागतं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मला बाबा पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी आठ वर्षांची असेन. वर जायला घाबरले होते, कारण मजल्याची फरशीच काचेची, जाड काच, वरच्या माणसाचे पाय खालून सावलीसारखे दिसायचे. लोखंडी कपाटांच्या रांगा आणि काचेतनं झिरपणारा उजेड. बाबा सांगायचे, सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या लायब्ररियनला थेट अमेरिकेतनं आणवलं आणि पुस्तकं नुसती राजवाड्यात ठेवली नाहीत, लाकडी पेट्यांत भरून गावोगाव पाठवली. बारा वर्षांचे होईपर्यंत ज्यांना अक्षरओळख नव्हती, कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातनं दत्तक आले, त्या राजाने. पेटी गावात पोचायची, लोक वाचायचे, पेटी पुढच्या गावाला. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीने जे जमत होतं ते आज एका क्लिकवर का अडावं, हे मला खरंच समजत नाही.

वाचायला पैसे नकोत म्हणून ओपन ॲक्सेस आलं, तर आता छापायला पैसे. हजार-दोन हजार डॉलर सहज मागतात, 'नेचर' या जर्नलने तर २०२१ मध्ये साडेनऊ हजार युरो ठेवले. मलावीसारख्या देशांना बरेच प्रकाशक ही फी माफ करतात, पण ती मागावी लागते, बहुतेक ठिकाणी सबमिट करतानाच मागावी लागते, आणि नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही. मी ज्या ज्या माणसाबरोबर काम केलंय त्याला आधी हेच सांगते.

नाहीतर काय होतं ते आमच्याच वाड्यात झालं. समोरच्यांची सून एमडी करत होती, थीसिस गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर, पोरगी वर्षभर आदिवासी भागातल्या दवाखान्यांत फिरली होती, हातानं फॉर्म भरले होते. तिला एक ईमेल आली, आदरणीय डॉक्टर, आपल्या मौलिक संशोधनासाठी वगैरे. जर्नलचं नाव एका नामांकित जर्नलसारखंच, एक शब्द इकडचा तिकडे. तिने फी भरली, आठ दिवसांत पेपर छापून आला, एका अक्षराचीही दुरुस्ती नाही. सगळ्यांना पेढे दिले. माझ्याकडे पेढा घेऊन आली तेव्हा मी तो पेपर उघडून बघितला आणि मला काय बोलावं सुचेना. कोलोरॅडोतले लायब्ररियन जेफ्री बील यांनी अशा जर्नल्सना 'प्रेडेटरी' हे नाव दिलं, म्हणजे शिकारी. पैसे गेले ते गेले, पण एकदा तिथे छापलं की तोच डेटा चांगल्या जर्नलला देता येत नाही, कारण तो छापलेला धरतात. त्या बायकांचं रक्त तपासलं, त्यांनी बोट पुढे केलं, आणि ते सगळं अशा ठिकाणी जाऊन पडलं जिथे कोणी शोधायला जाणार नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. आता तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारी सकाळी येतात, सेव-उसळ मागवतो आणि थीसिसमधनं पेपर काढायला बसतो.

बरं, आता रिव्ह्यूअरना न दिसलेली ती चूक, न लागणारी बेरीज.

आमच्या पेपरात ॲबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सारांशात, मुलांचा एक आकडा होता आणि पहिल्या टेबलात त्यापेक्षा तीन कमी. मी मार्जिनमध्ये कॉमेंट टाकली, ही तीन मुलं कुठे गेली? जुन्या कंपनीत असते तर टाकली नसती. त्याने लगेच उत्तर दिलं, सॉरी अमायी, टायपिंग मिस्टेक, टेबल बरोबर आहे. आणि ॲबस्ट्रॅक्टमधला आकडा तीनने कमी करून टाकला. मी इकडे तो आकडा बदलताना बघत होते.

मी फोन केला. म्हटलं, टायपिंगची चूक असेल तर आकडा उलटसुलट होतो, बरोब्बर तीन जास्त कसे आले, कुठनं आले? लाइनवर थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हणाला, ती तीन मुलं फाइलीत नाहीत. फाइल ॲडमिशननंतर उघडते. ही तिघं गेटपर्यंत आली पण ॲडमिट झाली नाहीत, आधीच गेली होती. रात्रपाळीच्या एका सिस्टरने शाळेच्या वहीत लिहून ठेवली होती, कुठल्याही रजिस्टरमध्ये नाहीत. त्याने सुरुवातीला वहीवरून मोजली, मग सुपरवायझर म्हणाले अधिकृत रेकॉर्ड नसेल तर धरू नको, म्हणून टेबलातनं काढली आणि ॲबस्ट्रॅक्टमधनं काढायचं राहून गेलं.

विचार करा. पोचायला किती उशीर होतो यावरचा पेपर, आणि ज्यांना सगळ्यात जास्त उशीर झाला तीच मुलं मोजायची नाहीत. सरासरी काढली तर उशीर आहे त्याहून कमी दिसणार, मृत्यूही कमी दिसणार. जिवंत पोचलेल्यांचाच हिशेब. यात त्याचा दोष नव्हता, फाइल हा प्रकारच असा आहे की जो आत येतो त्याचीच ती नोंद ठेवते.

अशा अभ्यासांसाठी स्ट्रोब नावाची बावीस मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, २००७ मध्ये आली. लोक ती शेवटी घाईघाईत भरतात, पान नंबर टाकतात आणि जोडतात. तिचा तेरावा मुद्दा आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला. प्रत्येक टप्प्यावर किती जण होते ते सांगा, जे गळले ते का गळले ते सांगा, जमल्यास आकृती काढा. मी म्हटलं, बघ, जगभरचे लोक बसून जे ठरवतात त्यांनी तुझ्या सिस्टरच्या वहीसाठी जागा करून ठेवलीये. वहीतली मुलं मुख्य हिशेबात मिसळायची नाहीत, पण लपवायचीही नाहीत, कुठून कळली ते लिहायचं आणि वेगळी दाखवायची. आकृतीत उजवीकडे एक चौकोन काढला, 'पोचण्याआधी मृत्यू', तीन.

मग आभाराचा प्रश्न आला. तो म्हणाला, तुमचं नाव लेखकांमध्ये घालू का? मी नाही म्हटलं. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची जी समिती आहे, आयसीएमजेई, तिचे चार निकष आहेत, आणि नुसतं लिखाणाला मदत करणारा लेखक होत नाही, त्याचे आभार मानायचे. बाहेरनं येऊन गरीब देशातल्या पेपरवर आपलं नाव चढवणारे खूप आहेत, मला त्यात जायचं नाही. पण मी विचारलं, सिस्टर कुठाय? तिने तर डेटा गोळा केलाय. तो म्हणाला, तिने पेपर लिहिला नाही, ती नर्स आहे, तिचे आभार मानतो. मी त्याला तोच नियम पुढचा वाचून दाखवला, की ज्याने डेटा मिळवण्यात भरीव काम केलंय त्याला मसुदा वाचायची, सुधारायची आणि शेवटी मान्यता द्यायची संधी मिळायला हवी. म्हणजे निकष तिला बाहेर ठेवायला वापरायचे नाहीत. आधी तिला वाचायला तर दे.

त्याने प्रिंट काढून तिला दिली. दहा-बारा दिवस काही नाही. मला वाटलं, राहिलं.

मग एका शुक्रवारी तो कॅमेऱ्यावर आला तेव्हा शेजारी ती बसली होती, गणवेशातच, मांडीवर ती वही. निळ्या कव्हरची, कोपरे दुमडलेले. माझ्याशी इंग्रजीत हळूहळू बोलली. आधी 'झिकोमो' म्हणाली, म्हणजे धन्यवाद. मग म्हणाली, एक चूक आहे, दाखवू का? आणि प्रिंटवर त्या उजवीकडच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे तीन लिहिलंय, ते बरोबर नाही. मुलं दोन पोचण्याआधी गेली. तिसरी मुलगी गेटवर आली तेव्हा श्वास घेत होती. मी तिला उचललं आणि पळाले, ऑक्सिजनचं मशीन शेवटच्या वॉर्डात असतं. पोचेपर्यंत गेली. फाइल उघडली नाही म्हणून हे तिला आधीच्या दोघांत धरतात, पण ती माझ्या हातात होती.

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याला हे माहीत नव्हतं. वहीत नुसत्या तीन ओळी होत्या, तारीख, वय, गाव, आणि वेळ. तिसऱ्या ओळीत दोन वेळा होत्या, पहाटे चार दहा आणि चार सोळा. त्याने ती दुसरी वेळ खाडाखोड समजून सोडून दिली होती.

सहा मिनिटं. ती सहा मिनिटं रस्त्याची नव्हती, पावसाची नव्हती, सायकलची नव्हती, हॉस्पिटलच्या आतली होती. मी विचारलं, मशीन गेटजवळ ठेवता येईल का, तर दोघंही एकदम बोलायला लागले, चिचेवात, मला काही कळलं नाही, प्लग पॉइंट एवढा एक शब्द कळला. डिस्कशनचा एक परिच्छेद त्या रात्री तिथेच तिने सांगितला आणि त्याने टाइप केला. लेखकांच्या यादीत तिचं नाव दुसरं टाकलं, तिला विचारून, स्पेलिंग विचारून.

मग त्याने आकृती उघडली. मी इकडे बघत होते. कर्सर उजवीकडे गेला, तो चौकोन पुसला, आणि त्या जागी दोन काढले, एक वर, एक खाली. वरच्यात दोन लिहिलं. खालच्याचं नाव काय लिहायचं यावर बराच वेळ गेला, शेवटी सिस्टर म्हणाली तेच ठेवलं, 'जिवंत पोचली, नोंद होण्याआधी मृत्यू', आणि त्यापुढे एक.